फेविकॉलचा मेगाब्लॉक

सॅटर्डे नाइटला दगडांना सिरिंजने गोंद पाजणारी मुलगी बघितलीय कधी? नसेल तर आता वाचाच!

शनिवार, रात्रीचे साडेदहा. अख्खा ग्रुप एफसी रोडला. 'कुठे उलथलीयस?' असे सात मेसेज येऊन पडलेत. आणि मी? मी बाणेरच्या एका वन बीएचकेमध्ये फरशीवर पालथी पडून, कपाळाला हेडलॅम्प बांधून, इंजेक्शनच्या सिरिंजने दगडांना फेविकॉल पाजतेय. थेंब थेंब. दगड म्हणजे तरी केवढे? उपम्याच्या बारीक रव्याएवढे. असे दोन किलो.

"हळू गं, पूर येईल," शेजारून दादा.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वय ३४, व्यवसाय हिंजवडी, आणि व्यसन मॉडेल रेल्वे. लोक वीकेंडला ट्रेकला जातात, हा डायनिंग टेबलावर चढतो. (डायनिंग टेबल त्याच्याकडे नाही. म्हणजे आहे, पण त्यावर घाट आहे.)

तर सांगायची गोष्ट अशी, की या टेबलावर सहा फूट बाय अडीच फुटांत आमचं बालपण आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारी लाइन, पळसदरीच्या वरचं एक वळण, एक बोगदा आणि ब्रेक फेल झालेल्या गाडीला पोटात घेणारी एक कॅच सायडिंग. खऱ्या घाटात तीन लाइनी आहेत, इथे जागेअभावी दोनच. चढ मात्र दादाने मोजून घेतलाय. भोर घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, म्हणजे सहा फुटांच्या बोर्डावर साधारण दोन इंच. १८६३ साली हा घाट खुला झाला आणि आजही कर्जतला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. आमच्या लहानपणी त्यांचा आवाज हाच अलार्म होता. कारण आमचे बाबा याच घाटात गँगमन होते. पुढे की-मन झाले. रोज पहाटे हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि फटाके घेऊन एका रुळाने बीट चालत जायचं, दुसऱ्या रुळाने परत यायचं. २०१५ मध्ये रिटायर झाले.

आणि गंमत बघा, दादाकडे चार वर्षं हा घाट आहे आणि बाबांना त्याचा पत्ता नाही. बाबा पुण्याला दोनदा आले, दोन्ही वेळा टेबलावर चादर. का? विचारलं तर दादा एकच उत्तर देतो, "त्यांनी किंमत विचारली तर?" बाहेरून मागवलेल्या एका इंजिनाची किंमत कस्टम धरून साधारण बाबांच्या रिटायरमेंटच्या वेळच्या महिन्याच्या पगाराएवढी आहे. दादाकडे अशी तीन इंजिनं आहेत.

आता चादर काढणं भागच होतं. दादाला बंगळुरूला नवा जॉब लागलाय. तिकडे कंपनीने दिलेली खोली म्हणजे आमच्या जुन्या क्वार्टरच्या मोरीपेक्षा थोडी मोठी. घाट तिथे मावणार नाही. पुण्यातला फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर, तो सुटणार. उरलं कुठलं घर? कर्जतचं. सोमवारी सकाळी टेम्पो. आणि रुळांखालची खडी? चार वर्षं सुट्टीच! 'जागा बदलावी लागली तर?' म्हणून साहेबांनी ती चिकटवलीच नव्हती, नुसती पसरून ठेवली होती. ती तशीच टेम्पोत घातली असती तर खंडाळा उतरेपर्यंत सगळी इंजिनाच्या पोटात गेली असती.

म्हणून शुक्रवारी रात्री मला फोन. "फ्रीलान्सरला वीकेंड नसतो ना? ये."

आधी खडी चाळा

मॉडेल रेल्वे म्हटलं की लोकांना वाटतं लहान मुलांचा खेळ. खेळ नाही हो, हिशेब आहे! जगात सगळ्यात जास्त चालते ती एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. जर्मनीत हॅम्बुर्गला ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ मध्ये मिनिएचर वुंडरलँड उघडलं, ते याच स्केलमध्ये. आणि इतकं लांब कशाला? पुण्यात भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीत दादा तिथे गेला आणि घरी परतला तो वेगळाच मुलगा होऊन. जेवताना ताटाभोवती वाटीने लाइन टाकायचा.

तर ८७ चा हिशेब. आपल्या रेल्वेच्या रुळांखाली जी खडी असते ती साधारण ५० मिलिमीटरची. भागिले ८७ केलं की अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. बाजारात पाकिटातून तयार खडी मिळते, पण तिचा रंग बघून दादाला युरोप आठवतो. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट. मग त्याने काय करावं? बांधकामाच्या साइटवरून पिशवीभर कच आणली. खडी फोडताना क्रशरखाली उरते ना, ती. दोन चाळण्यांतून चाळली. मैद्याच्या चाळणीतून खाली पडली ती बाद, चहाच्या गाळणीवर राहिली ती बाद, मधली पास. मग धुऊन गच्चीत वाळवली.

आणि मग जी पायरी कुणी विसरतं आणि पस्तावतं ती. चुंबक. काळ्या दगडात लोहखनिजाचे कण असतात. दादाने कागदावर कच पसरली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक वरून फिरवला आणि पिशवीला काळी दाढी उगवली. आमच्या डोळ्यांसमोर! इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबकच असतो. हे कण तिथे जाऊन बसले की गिअर खातात. समुद्राची वाळूही याचसाठी नको म्हणतात, तिच्यातलं मीठ रुळांना खातं.

पसरायला चमचा आणि एक इंचाचा मऊ ब्रश. स्लीपरच्या वर एकही दाणा राहता कामा नये, रुळाच्या आतल्या कडेला तर नाहीच, तिथून चाकाची कड जाते. ब्रशने ढकलायचं, मग चमच्याच्या दांड्याने रुळावर टक टक करायचं, दाणे आपोआप खाली बसतात. एवढ्या एका कामात माझे साडेतीन तास गेले. मेडिटेशन वगैरे म्हणतात ते हेच असावं. किंवा नसावं. पाठ मात्र गेली कामातून.

बाबांना फोन

दोन तासांनी माझ्या लक्षात आलं की वळणावर काहीतरी खटकतंय. काय ते सांगता येईना. रुळाच्या दोन्ही बाजूंना खडीचे उतार कसे अगदी एकसारखे, केकवर क्रीम लावल्यासारखे. मी लहानपणी बाबांना डबा घेऊन जायचे, मला ते असं आठवत नव्हतं.

"दादा, बाबांना विचारू?"

"वेडी आहेस का?"

मी फोन लावला. स्पीकरवर.

"काय गं बाय, एवढ्या रात्री?"

"बाबा, स्लीपरच्या टोकाच्या बाहेर खडी किती असते हो?"

तिकडे पाच सेकंद शांतता. मग एकदम वेगळा आवाज, ड्युटीवरचा. "सरळ लाइनीत दीड वीत. वळणावर बाहेरच्या अंगाला त्याहून जास्त. उन्हात रूळ वाढतो, त्याला जागा लागते, तो बाहेरच्या बाजूला सटकायला बघतो. त्याला अडवणार कोण? खडीच. का गं, पेपरात लिहायचंय?"

आता मी खोटं बोलू शकले असते. दादा खुणा करत होता. पण मी म्हणाले, "नाही बाबा. दादाने आपला घाट बनवलाय. लहान. टेबलावर. आणि आम्ही खडी चिकटवतोय."

"चिकटवताय?" बाबांना बाकी कशाचंच काही वाटलं नाही. "मग पाणी जाणार कुठनं?"

बघा, हा प्रश्न मला चार वर्षांत सुचला नव्हता. खडी असते कशासाठी? एक तर गाडीचं वजन स्लीपरवरून खाली पसरून देण्यासाठी. दुसरं, स्लीपर जागचा हलू नये म्हणून. आणि तिसरं म्हणजे पावसाचं पाणी चटकन निघून जावं म्हणून. खडीत माती भरली की पाणी तुंबतं, गाडी गेली की चिखल पिचकारीसारखा वर येतो आणि लाइन बसते. बाबांची अर्धी नोकरी तो चिखल काढण्यात गेली. पावसाळ्यात घाटात रात्रपाळीची गस्त असायची, तेव्हा आई कंदिलाची काच पुसून ठेवायची. खरी खडी मोकळी असते म्हणूनच काम करते. आमची खडी मात्र चिकटवली तरच जागेवर राहणार. खऱ्या खडीला वजन असतं, आमच्या खडीला फक्त रूप.

दादाने फोन माझ्या हातातून घेतला. स्पीकर बंद केला आणि बाल्कनीत गेला. वीस मिनिटं. काचेतून मला फक्त त्याचा हात दिसत होता, वळण काढणारा. परत आला तो थेट फूटपट्टी घेऊन बसला. सरळ भागात ४ मिलिमीटर, वळणाच्या बाहेर जवळजवळ ६. केलेलं सगळं ब्रशने उकरलं. मी शिव्या घातल्या.

"किंमत विचारली?" मी शेवटी विचारलंच.

"विचारली. सांगितली."

"मग?"

"म्हणाले, टेम्पोत उभं ठेवू नका."

दूध सांडल्यासारखं

आता मेन कोर्स. गोंद. कोरड्या खडीवर गोंदाचं पाणी थेट टाकलं तर काय होतं? पाण्याचा गोल थेंब बनतो, दाणे त्याच्यावर चढून तरंगतात आणि खाली खड्डा पडतो. चंद्रावर दिसतो तसा. पाण्याला आपला आकार सोडवत नाही, हा सगळा त्याचा प्रॉब्लेम. म्हणून आधी खडी नुसती ओली करून घ्यायची. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. साबणाने पाण्याचा ताण सुटतो, मग ते दाण्यांच्या फटींतून गुपचूप खाली उतरतं. स्प्रे वरून, लांबून, धुक्यासारखा. मी उत्साहात जवळून मारला आणि अर्धा इंच खडी बोगद्यात उडाली. दादा काही बोलला नाही. त्याने टूथपिक दिली. एकेक दाणा मी बाहेर काढला.

मग एक भाग पांढरा फेविकॉल, दोन भाग पाणी, त्यातही साबणाचा थेंब. सिरिंज, सुई काढून. रुळांच्या मधे थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. तो स्वतःच पसरत जातो, ओल्या वाटेने, स्लीपरखालून पलीकडे. पांढराशुभ्र. दहा मिनिटांनी बोर्डाकडे बघितलं तर घाटात दूध सांडलंय! चार वर्षांची मेहनत गेली, असं वाटून मी खरंच घाबरले. "सुकलं की दिसत नाही," दादा म्हणाला, पण तोही दर दोन मिनिटांनी बघत होता, हे मी पाहिलं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सांधा. जिथे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर जाते. तिथे सरकणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांच्यात गोंदाचा एक थेंब गेला की संपलं. म्हणून तिथे आधीच टूथपिकच्या टोकाने तेलाचा ठिपका लावायचा, खडी अगदी विरळ टाकायची आणि गोंद लांबूनच आणून सोडायचा. एवढं करूनही रात्री दीड वाजता कॅच सायडिंगचा सांधा अडकला. खऱ्या घाटात अडकला असता तर? नकोच तो विचार. दादाने कोमट पाणी आणलं, कापसाच्या काडीने वीस मिनिटं भिजवत राहिला. पांढरा गोंद पाण्याने सुटतो, हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं सुख आहे. सांधा सुटला. मग दर अर्ध्या तासाने अलार्म लावून आम्ही तो इकडे-तिकडे हलवत राहिलो, पहाटे पाचपर्यंत. मधे मॅगी.

रविवारी दुपारी बोर्ड सुकला. दूध गायब. काळी खडी, आणि बोटाने दाबली तर दगडासारखी घट्ट. मोकळे राहिलेले दाणे व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतले. नळीच्या तोंडाला माझा जुना स्टॉकिंग लावला होता, म्हणजे दाणे पुन्हा वापरता येतात. रुळांचे माथे पुसले, इंजिन ठेवलं, सुरू केलं आणि दादाचा चेहरा पडला.

आवाज! सुट्ट्या खडीवर गाडी नुसती सळसळत जायची. आता सगळा बोर्ड घुमत होता, तबल्यासारखा. गोंद सुकून कडक होतो आणि रुळाची थरथर थेट लाकडात उतरवतो. खाली कॉर्कची पट्टी आहे, पण कडेने खडी आणि लाकूड एकमेकांना चिकटले की कॉर्कला बगल मिळते. रबरासारखा लवचिक राहणारा गोंद वापरला तर हे कमी होतं, असं दादाला नंतर आठवलं. नंतर!

गेज कमी आहे

सोमवारी टेम्पो. दोन बोर्ड वेगवेगळे, आडवे, गादीवर. मी मागे बसले, बोर्डाला धरून. कर्जतला पोहोचेपर्यंत दोनच ठिकाणी खडी उडाली, जोडाजवळ.

बाबांनी बाहेरच्या खोलीतला दिवाण आधीच हलवून ठेवला होता. बोर्ड जोडले, चादर काढली. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा वर केला, खाली वाकले, मग चक्क जमिनीवर गुडघे टेकून डोळा रुळाच्या लेव्हलला आणला. लाइन बघायची त्यांची जुनी पद्धत. मी श्वास रोखला. दादाने खिशात हात घातले.

"गेज कमी आहे," बाबा म्हणाले.

झालं! दादाचं सगळ्यात दुखरं गुपित आठ सेकंदांत बाहेर. बाजारातले एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, ते परदेशातल्या स्टँडर्ड गेजच्या हिशेबाने. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे रुळांत १९ मिलिमीटरच्या वर अंतर पाहिजे होतं. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. चार वर्षांत दादाच्या एकाही मित्राला दिसला नव्हता.

"तयार रूळ असेच येतात बाबा."

"हं." मग वळणावर बोट. "हे बरोबर आहे. बाहेरच्या अंगाला भरलीय." आणि मग, "पण इतकी स्वच्छ खडी? घाटात? उतरणीला गाड्या ब्रेक घासत येतात. सगळी लाल-तपकिरी होते. अप लाइन जास्त." (मुंबईकडे जाणारी ती अप, मग उतरत का असेना! रेल्वेवाल्यांना यात काही विचित्र वाटत नाही.)

बाबा आत गेले आणि गेरूची पुडी घेऊन आले. आईने तुळशीच्या कुंडीसाठी आणलेली. जुन्या टूथब्रशने थोडा गेरू, थोडी चुलीची राख, आणि अप लाइनच्या रुळांच्या कडेने हलक्या हाताने. दादा बघत होता. मग त्याने दुसरा टूथब्रश घेतला. संध्याकाळभर दोघं टेबलाच्या दोन बाजूंना. बोलणं एवढंच, "इथं कमी." "बोगद्याच्या तोंडाशी काळं कर." टेम्पोत उडालेली जागा बाबांनी स्वतः भरली. सिरिंज त्यांना जमेना, हात थोडे थरथरतात. ती दादाने धरली, जागा बाबांनी दाखवली.

सहा वाजता काम संपलं. दादा इंजिन काढायला लागला. बाबांनी त्याचा हात धरला.

"ब्लॉक आहे."

"बाबा, थोडासा तर भाग ओला आहे. आणि मला पहाटे निघायचंय. उद्या रात्री बस आहे."

"चोवीस तास ब्लॉक. त्यानंतर कॉशन." नव्या खडीवर गाडी लगेच फुल स्पीडने सोडत नाहीत. आधी हळू, कॉशन ऑर्डरवर, खडी बसेपर्यंत. ३५ वर्षांची सवय. दादाने माझ्याकडे बघितलं. मी कशाला मधे पडते!

तर दादा त्याची गाडी त्याच्या घाटातून न चालवताच गेला. मंगळवारी मी कर्जतलाच थांबले होते. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बाबांनी टेबलापाशी खुर्ची ओढली, मला इंजिन ठेवायला लावलं आणि रेग्युलेटरची खुंटी स्वतःच्या हातात घेतली. इतक्या हळू चालवलं, इतक्या हळू, की बोर्ड घुमलाही नाही. वळणावरून, सांध्यावरून, बोगद्यात. आई स्वयंपाकघराच्या दारात, हात पदराला पुसत.

मग बाबांनी दादाला फोन लावला. बस नुकतीच कात्रज सोडून पुढे गेली होती.

"ब्लॉक उठला," ते म्हणाले. "दुसरं इंजिन कुठल्या खोक्यात आहे?"